भगवानरावांच्या दुकानातला समुद्र

“लगोरी राहू द्या! माह्या आईले कामावरून काढलं!”

गोपाल धापा टाकत मैदानात आला. दीपाने फेकायला उचललेला चेंडू तिच्या हातातच राहिला.

“कोणं काढलं?” सलोनीने विचारलं खरं, पण विचारतानाच तिचा चेहरा उतरला. गोपालची आई, हंसाबाई, झाडू-पोछ्याला एकाच ठिकाणी जायची आणि ते ठिकाण म्हणजे सलोनीच्या मोठ्या बाबांचं, तिच्या थोरल्या काकांचं, भगवानरावांचं दुकान.

“तुह्या मोठ्या बाबानं! म्हणतात, तिनं समुद्रात फिनाईल टाकलं! भर दुकानात बोलले!”

कळंबहून समुद्र गाठायचा तर अर्धा महाराष्ट्र ओलांडावा लागतो. पण भगवानरावांच्या कृषी केंद्रात पोळ्यापासून एक छोटा समुद्र मुक्कामाला आला होता. काचेची टाकी, खारं पाणी, छिद्राछिद्रांचे खडक. त्यात नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे, बोटं हलवावीत तसं हलणारं एक समुद्रफूल, लाल कोळंब्या आणि काचेवर चालणाऱ्या गोगलगाई. भगवानरावांना त्याचा भारी अभिमान! त्या वर्षी कापसाला भाव नव्हता आणि बोंडअळी तर फवारणी पिऊन ताजीतवानी होत होती. औषधाच्या रिकाम्या बाटल्या घेऊन लोक तणतणत दुकानात यायचे. भगवानराव त्यांना उत्तर द्यायचेच नाहीत. “ते राहू द्या हो, आधी हे पाहा! अस्सल समुद्री मासा!” म्हणायचे. भांडायला आलेला माणूस काचेला नाक लावून उभा राहायचा आणि तसाच घरी जायचा.

“औषधात दम नाही, म्हणून मासे दाखवतात!” असं सलोनी एकदा घरात बोलली होती. त्याबद्दल घरचे तिला रागे भरले होते. मत मात्र तिने बदललं नव्हतं.

तिघं तडक दुकानात पोचली. भगवानराव कागदावर एक मेलेली कोळंबी घेऊन बसले होते.

“पाह्य! चौथ्यांदा!” ते सलोनीला म्हणाले. “कोळंब्या मेल्या, गोगलगाई मेल्या, फूल पार लोळागोळा झालं. इंद्रजितसाहेब म्हणाले, फिनाईलच हाये हे! पोछ्याचे हात पाण्यात घातले असतील त्या बाईनं.”

“तुमी पाह्यलं का तिले हात घालताना?” गोपालने विचारलं.

“पाहाले कायले पाह्यजे? साहेब सांगून राह्यले ना! एक्स्पर्ट माणूस हाये!”

हा इंद्रजित टाकीची देखभाल करायला आणि मेलेल्यांच्या जागी नवे जीव विकायला दर आठवड्याला नागपूरहून यायचा. दुकानातसुद्धा काळा गॉगल लावायचा. पाण्यातला जीव बघायला आलेला माणूस डोळ्यांवर काळोख बांधून फिरतो, यावरूनच सलोनीने त्याची किंमत केली होती.

ती टाकीपाशी वाकली. बराच वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “दीपा, मासे पाह्य.”

“मस्त पोहून राह्यले की!”

“तेच ना! फिनाईल असतं तर मासे कसे वाचले असते? एकाच पाण्यात राहतात सगळे. मरतात ते फक्त बिनकाट्याचे. कोळंबी, गोगलगाय, फूल!”

गोपालचे डोळे चमकले. भगवानराव मात्र म्हणाले, “जा बे पोट्टेहो, खेळा बाहेर! मोठ्यांच्या गोष्टीत पडू नका.”

मोठ्यांच्या गोष्टी! समोरचा मासा ज्यांना दिसत नाही, त्यांच्या गोष्टी!

तिघं एसटीडी बूथमध्ये शिरली. दीपाची मोठी बहीण उर्वशी रत्नागिरीला माशांचंच शिक्षण घेत होती. रिसीव्हरला तीन कान चिकटले.

“टाकी भरली आणि मासे कधी सोडले?” उर्वशीताईने विचारलं.

“त्याच दिवशी. पोळ्याले उद्घाटन होतं ना!”

“त्याच दिवशी? अगं, खारं पाणी नुसतं कालवून होत नाही! खडक आणि वाळू घालून आठवडेच्या आठवडे रिकामं फिरवत ठेवायचं. खडकावर बारीक जिवाणू वाढतात, माशांची घाण तेच निस्तरतात. मग आधी गोगलगाई, नंतर एखादा मासा. सगळी वरात एकदम नाही! आणि पाणी वाफ होऊन उडालं की काय टाकतात?”

“मोठे बाबा रोज मिठाचं पाणी टाकतात,” सलोनी म्हणाली.

“धन्य आहेत! पाणी उडतं, मीठ उडत नाही. वरून साधंच शुद्ध पाणी घालायचं असतं. पण तुम्ही सांगता ते मरण वेगळं आहे. आणखी काही टाकतात का त्यात?”

“इंद्रजित एक टॉनिक टाकतो. निळं! माशांवर पांढरे ठिपके आले होते, तवापासून.”

उर्वशीताई लगेच म्हणाली, “तांबं असेल. ठिपक्यांवर देतात, पण वेगळ्या भांड्यात. मासा थोडं सोसतो. कोळंबी, गोगलगाय, समुद्रफूल यांना मात्र ते विषच.”

फोन ठेवला. सलोनी जागच्या जागी थांबली. “निळं... तांबं... अरे, हे तर मोरचूद! संत्र्याच्या झाडाले चुन्यात कालवून लावतात ते! मोठ्या बाबाच्या गोदामात पोते पडले हायेत त्याचे!”

“सिद्ध कसं कराचं?” गोपाल म्हणाला.

दीपा हसली. “आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत केलं होतं. तू फक्त लोखंडी खिळे आण. घासून, चकचकीत!”

बाजाराच्या दिवशी दुकान भरलेलं होतं. इंद्रजित आला, गॉगलसकट. पिशवीत नव्या कोळंब्या होत्याच. त्याने निळी बाटली काढली तशी सलोनी पुढे झाली.

“सर, तुम्हाला किती माहिती आहे!” ती इतक्या गोड आवाजात म्हणाली की गोपालला खोकला आला. “या टॉनिकमध्ये काय असतं हो?”

“समुद्री शेवाळाचा अर्क, बेटा. प्युअर नॅचरल.”

“तांबंबिंबं काही नाही ना?”

“छे! एक कणसुद्धा नाही!”

“मोठे बाबा, ऐकलं ना?” सलोनी वळली. “सर, जरासं द्या ना या ग्लासात. शेवाळ पाहू द्या.”

गिऱ्हाईकं बघत होती. ऐट सोडवेना. इंद्रजितने ग्लासात ओतलं. दीपाने खिळे सोडले.

“हे काय?” इंद्रजित चमकला.

“काही नाही सर. तुम्ही समुद्राबद्दल सांगा ना!”

आणि तो सांगत बसला! प्रवाळ, लाटा, शार्क, सगळं! स्वतःचा आवाज त्याला इतका आवडत होता की ग्लासाकडे त्याचं लक्षच राहिलं नाही. त्याचं बोलणं शार्कच्या दातांपर्यंत पोचलं तेव्हा दीपाने चिमट्याने खिळा उचलून उंच धरला. चकचकीत खिळ्यावर तांब्याचा लाल थर चढला होता!

“सर, शेवाळात तांबं कुठून आलं?”

सलोनीने मोरचुदाचा एक निळा खडा काउंटरवर ठेवला. “तुमच्याच गोदामातला हाये, मोठे बाबा! फिनाईल नाही, हे मारून राह्यलं त्याइले!”

“थोडंफार सगळेच वापरतात!” इंद्रजित गुरगुरला. “मासे जिवंत आहेत ना?”

“आन् बाकीचे?” गोपाल ओरडला.

“बाकीचे नवे आणून देतोच की मी!”

तेवढ्यात रिकामी बाटली घेऊन आलेले देवराव शांतपणे म्हणाले, “भगवानराव, बोंडअळीवर देता ते पन शेवाळाचंच हाये का?”

असा हशा पिकला की रस्त्यावरचे लोक दाराशी जमले! इंद्रजितने पिशवी, बाटली तिथेच टाकली आणि गर्दीतून वाट काढत स्टँड गाठला. घाईत गॉगल पडला. तो उचलायलाही थांबला नाही.

भगवानरावांना घाम फुटला होता. आयुष्यभर मोरचूद विकलं आणि समोर ओतलं तर ओळखलं नाही! मग त्यांनी सावरून छाती काढली. “शाब्बास! शेवटी माह्या घरची पोरगी हाये!”

सलोनी त्यांच्या हाताखालून बाजूला झाली. “शाबासकी मंग द्या. आधी गोपालच्या घरी चला.”

“निरोप धाडतो ना. उद्यापासून ये म्हणा.”

“निरोप नाही. तुमी चला.”

देवराव बघत होते. सगळेच बघत होते. भगवानरावांनी चपला घातल्या.

हंसाबाई अंगणात पऱ्हाटीचा, कापसाच्या काड्यांचा जाळ फुंकत होती. तिने त्यांना बस म्हटलं नाही.

“चूक झाली माही,” भगवानराव पुटपुटले.

“मले बोलले तवा भर दुकानात बोलले,” ती म्हणाली. “माफी कायले माह्या अंगणात आणून टाकता? जिथं बोलले तिथंच मांगा.”

एवढं बोलून ती पुन्हा जाळाकडे वळली. परतीच्या वाटेवर भगवानराव मान खाली घालून चालले. आणि सलोनीला त्यांची कीवही आली नाही.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईकांच्या देखत, काउंटरच्या बाहेर येऊन, त्यांनी मोठ्याने माफी मागितली. मगच हंसाबाईने झाडू हातात घेतला.

दिवाळीला उर्वशीताई आली. तांबं मुरलेले खडक आणि वाळू तिने फेकायला लावली. दोन्ही मासे दीपाच्या घरी, नव्या खाऱ्या पाण्याच्या वेगळ्या टबात गेले. टाकी धुऊन, पाणी कालवून, नवे खडक रचून झाल्यावर ती म्हणाली, “प्रवाळ मागू नका कुणी, जिवंत प्रवाळ समुद्रातून काढायला कायद्याने बंदी आहे. आणि महिनाभर यात काही सोडायचं नाही!”

“महिनाभर रिकामी टाकी? लोक हसतील मले!” भगवानराव कळवळले.

“हसून झालं हाये त्याइचं,” हंसाबाई फरशी पुसता पुसता म्हणाली.

उर्वशीताईने तिघांच्या पाठीवर हात ठेवला. “आमच्या वर्गातल्या निम्म्यांना हे जमलं नसतं. मासे वाचले कसे, हा प्रश्न कुणाला सुचला?”

गोपालने आणि दीपाने एकदम सलोनीकडे बोट दाखवलं. सलोनी लाजली, पण क्षणभरच. दारात एक गिऱ्हाईक रिकामी बाटली घेऊन उभं होतं, आणि मोठ्या बाबांकडे आता दाखवायला एकही मासा नव्हता.

“बोला मोठे बाबा,” ती म्हणाली, “उत्तर द्या त्याइले.”