प्रॉम्प्टरची जागा

शिवरामपंत बावीस वर्षं नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. विंगेत बसायचं आणि नट अडखळला की पुढचा शब्द कुजबुजायचा, एवढंच त्यांचं काम. १९३४ च्या माघात कंपनीच्या संगीत नाटकाचा बोलपट करायचं ठरलं आणि चित्रीकरणाला मंडळी काशीत उतरली. रंगमंचावर राणीची भूमिका पुरुषच करी. पडद्यावर बाई हवी, म्हणून काशीतल्याच एका मराठी मास्तरांची मुलगी, शरदिनी, निवडली. गळा सुरेख, पण पाठांतर कच्चं.

पहिल्याच दिवशी पंचगंगा घाटावर दिग्दर्शक विष्णुपंतांनी बजावलं, "पंत, हा मायक्रोफोन श्वाससुद्धा पकडतो. एक अक्षर बोलायचं नाही."

पंत दगडी बुरुजाआड गुमान बसले. शरदिनी दुसऱ्या कडव्याला अडली, क्षणभर तिनं मान कलती केली आणि पद बिनचूक पुरं केलं.

"शाबास, पोरी," पंत म्हणाले.

"तुम्हीच तर सांगितलंत, काका. एकदम साफ ऐकू आलं."

पंत हसले. पण ध्वनिमुद्रक नीलकंठ कानांवरचे हेडफोन उतरवून त्यांच्याकडे रागानं बघत होता. "तुमची कुजबुज आलीय, पंत."

"अहो, मी तोंड उघडलं नाही!"

पुढच्या वेळी पंतांनी उपरण्याचा बोळा दातांत धरला. तरी शरदिनीनं मान कलती केली आणि म्हणाली, "पाणी कोमट आहे. मी येते."

हे वाक्य नाटकात नव्हतंच. पंतांना अख्खं नाटक पाठ होतं, तरी त्यांनी संहिता दोनदा चाळली. आपणच बरळतोय की काय? वैतागलेल्या विष्णुपंतांनी त्यांना नावेत बसवून घाटापासून दूर पाठवून दिलं.

भर दुपार होती. नावेतून त्यांना शरदिनी गात गात पायऱ्या उतरताना दिसली. पाण्याच्या काठाशी थांबायचं होतं. ती थांबली. मान कलती केली. मग पाण्यात उतरली.

घोटे. गुडघे. कंबर. काठावर कुणी हललं नाही. सगळ्यांना अभिनयच वाटला.

पंत ओरडले, "शरदिनी, मागं फिर!"

"शरदिनी, मागं फिर," ती राणीच्या आवाजात म्हणाली, आणि आणखी एक पायरी उतरली.

पाणी तिच्या डोक्यावर मिटलं.

नावेवरच्या मल्लाहानं उडी टाकली, तिला ओढून पायरीवर निजवलं. पाणी ओकल्यावर तिनं नावेतून उतरून धावत आलेल्या पंतांकडे पाहिलं. "काका, तुम्ही 'ये, ये' का म्हणत होता?"

तिनं पुन्हा कॅमेऱ्यापुढे पाऊल ठेवलं नाही.

दोन महिन्यांनी, पुण्यात, विष्णुपंतांनी पंतांना ते रीळ दाखवलं. पंतांचं ओरडणं त्यात नव्हतं. कुजबुज होती, त्यांच्याच आवाजातली. मल्लाह शरदिनीला उचलून चौकटीबाहेर गेला. पडद्यावर नुसतं पाणी उरलं, तरी कुजबुज थांबली नाही. एक वाक्य सांगे, गप्प होई; मग पुढचं सांगे.

ते गप्प होणं पंतांच्या ओळखीचं होतं. समोरचा नट वाक्य म्हणून पुरं करीपर्यंत तेही तेवढंच थांबत.