नीट गुंडाळलेली नळी

कडकोळच्या कारखान्यांच्या पलीकडे दगडाची एक जुनी खाण आहे. दगड काढणं कधीचंच थांबलं आणि त्या खोल खड्ड्यात हिरवं पाणी साठलं. तिथे दर रविवारी मानाजीराव तरुण मंडळींना खोल बुडी शिकवत. हरिणी पहिल्यांदा तिथे गेली, त्या दिवशी स्कूटर लावताना तिचा धक्का एका सिलिंडरला लागला आणि ते गडगडत उताराला लागलं.

"अय्यो… गेलं की हे."

एक तरुण धावत गेला आणि सिलिंडर खांद्यावर घेऊन परत आला. "मराठी बोलता?" त्याने विचारलं.

"घरात तेवढं, बाहेर सगळं कन्नडच. रागावलात काय?"

"मी कशाला रागावू? सिलिंडर मानाजीरावांचं आहे. पळायचं तर आत्ताच पळा, मी काही बघितलं नाही."

ती पळाली नाही. तो श्रीनिधी. विजयनगरात राहायचा, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा. हरिणी हेब्बाळच्या एका कंपनीत कामाला होती. पुढे मानाजीरावांनी त्या दोघांचीच जोडी लावली, आणि हरिणीला आठवडा म्हणजे दोन रविवारांमधली उगाचची जागा वाटू लागली.

ते शिकत होते रिब्रीदर घेऊन बुडी मारायला. या यंत्रात माणसाने सोडलेला श्वास वाया जात नाही. तो चुन्यासारख्या दाण्यांमधून गाळला जातो, त्यात थोडा प्राणवायू मिसळतो, आणि तोच श्वास पुन्हा घ्यायचा. बुडबुडे नाहीत, आवाज नाही. पण यंत्रच ते; कधी रुसलं तर? म्हणून प्रत्येकाच्या डाव्या कुशीला एक वेगळं सिलिंडर असतं, साध्या हवेचं. त्याला म्हणायचं बेलआउट. आपलं यंत्र बिघडलं की त्यातून श्वास घ्यायचा आणि सावकाश वर यायचं. तेही बिघडलं, तर जोडीदाराचं. म्हणूनच त्याची नळी लांब ठेवतात आणि रबराच्या पट्ट्यात सैल अडकवतात. एका ओढीत ती दुसऱ्याच्या तोंडापर्यंत पोचली पाहिजे.

"कुशीतलं सिलिंडर तुमचं नव्हे," मानाजीराव सांगत. "जोडीदाराचं. तुम्ही फक्त ते वाहून नेता." आणि त्यांचा एक नेम होता. पाण्यात उतरण्याआधी जोडीदाराने स्वतःच्या हाताने समोरच्याची नळी पूर्ण ओढून बघायची. ज्याची त्याने बघितलेली चालायची नाही.

एका रविवारी श्रीनिधी सहज म्हणाला, "तुमची बांधणी किती नीटनेटकी असते. माझं आपलं भंगाराचं दुकान."

एवढंच. पण ते वाक्य हरिणीने सोमवारी कंपनीच्या बसमध्ये नेलं, मंगळवारी डब्याबरोबर उघडलं… आणि पुढच्या रविवारी नळीचं एक वेटोळं जरा लोंबतंय असं दिसल्यावर तिने ते दुमडलं, आणखी एका रबरात घट्ट खोचलं. आता कसं सुरेख दिसत होतं.

श्रीनिधी तपासायला समोर आला. त्याचा हात तिच्या कुशीकडे आला आणि मध्येच थांबला.

"नळी?"

नळी ओढली तर सगळी घडी मोडणार होती. "बघितली मी," ती म्हणाली. "सरळ येते."

"बरं…" तो म्हणाला, आणि हात मागे घेतला.

त्या दिवशी तळाजवळ श्रीनिधीचा श्वास जड झाला. त्याने नियमाप्रमाणे आपलं यंत्र बंद केलं, बेलआउट तोंडात घेतलं. त्यातून हवेबरोबर पाणी येऊ लागलं. तो हरिणीकडे वळला आणि हात गळ्यावरून आडवा फिरवला. म्हणजे, हवा नाही.

तिने नळी ओढली. नळी आली नाही.

पुन्हा ओढली. तोंडात धरायचं टोक तेवढं वीतभर पुढे आलं आणि नळी रबरात अडकून राहिली. श्रीनिधीचे डोळे काचेमागे मोठे झाले होते. मग त्यानेच तिचा पट्टा धरला, जवळ आला, अगदी जवळ, मान वाकडी करून ते आखूड टोक तोंडात घेतलं. तिच्या गालाला त्याचा गाल लागला.

तसेच ते वर आले. सावकाश, कारण घाईने वर येणं बुडण्याइतकंच वाईट. तिच्या यंत्राला आवाज नव्हता, म्हणून त्याचा एकेक श्वास तिला ऐकू येत होता. त्याचे बुडबुडे तिच्या कानाशी फुटत होते. कितीदा तिने मनात रंगवली होती अशी जवळीक. आणि आता ती जवळीक तिला बघवत नव्हती. प्रत्येक बुडबुडा जणू तिला विचारत होता, नीटनेटकं दिसतंय ना?

काठावर मानाजीरावांनी आधी श्रीनिधीला नीट बसवलं, श्वास बघितला. मग त्यांनी रबरात अडकलेल्या नळीकडे बघितलं. हरिणी ओल्या केसांनीच घरी गेली.

आठवडाभर तिने त्याचा फोन उचलला नाही. आईने, वरलक्ष्मींनी, दोनदा विचारलं, "काय झालं गं, जेवण असं सुम्ने, उगाच चिवडतेस?" काय सांगणार? एका माणसाला आपण आवडावं म्हणून त्याचा श्वास अडवला, असं?

रविवारी ती उजाडताच निघाली. मानाजीरावांना खरं सांगायचं आणि परत फिरायचं, पुन्हा यायचं नाही, असं ठरवून. खाणीवर पोचली तर श्रीनिधी तिच्या आधीच तिथे, मानाजीरावांसमोर मान खाली घालून उभा.

तिने सगळं सांगितलं. दुमडलेली नळी, जास्तीचं रबर, आणि न बघताच बघितली म्हणून सांगितलेलं. सांगताना तिचे कान पेटले होते.

"झालं?" मानाजीराव म्हणाले. "हा म्हणतो चूक त्याची, तू म्हणतेस तुझी. एका चुकीवर दोघं हक्क सांगताहेत. बसा आणि ती नळी पुन्हा बांधा. मी चहा बघतो."

दोघं दगडावर बसले. हरिणीने नळी मांडीवर घेतली.

"तुमची कसली चूक?" तिने विचारलं.

"ओढून बघायचं काम माझं होतं." तो नळीकडे बघत राहिला. "नळी तुमच्या कुशीशी. हात लावायचा तर… हात कापत होता माझा. तुम्हाला दिसलं असतं. म्हणून बरं म्हणालो. मुलांना विज्ञान शिकवतो मी, आणि लाजेपायी तपासणी सोडली."

हरिणीला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. "म्हणजे मी छान दिसायला, आणि तुम्ही हात कापू नये म्हणून…"

"दोघं मिळून बुडणार होतो."

तिने ते जास्तीचं रबर काढून त्याच्या हातात दिलं. नळीची सैल, गबाळी वेटोळी केली. एक तर चांगलंच लोंबत होतं. मग सिलिंडर कुशीला लावून ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"बघ ओढून," ती म्हणाली. पहिल्यांदाच अरे-तुरेवर आली होती. "कापू दे हात."

हात कापलाच. पण त्याने नळी धरली आणि ओढली. सरसर सगळी बाहेर आली, दोघांमध्ये लांबच लांब पसरली. त्याने नळीतून दोन श्वास घेतले.

"आता पुरते," ती हळूच म्हणाली. "आता इतकं जवळ यायची गरज नाही."

"गरज नाही," तो म्हणाला. "पण… आलो तर चालेल?"

नळीचं एक टोक अजून त्याच्या हातात होतं. दुसरं टोक तिच्या कुशीलाच होतं; तिने नळी धरून हलकेच आपल्याकडे ओढली.