मोतीनाडी

त्या वर्षी गडहिंग्लजच्या बाजारात चिंच मिळेनाशी झाली. पीक चांगलं आलं होतं, झाडं लगडली होती, पण गोणी उतरली की दुपारपर्यंत रिकामी. आवळ्यांच्या दिवसांत आवळ्यांची तीच तऱ्हा, कैऱ्यांच्या दिवसांत कैऱ्यांची. व्यापारी खूश होते, आणि खूश असलेला माणूस कारणं विचारत बसत नाही. तसं पाहिलं तर गावात कोणीच कशाचं कारण विचारत नव्हतं, कारण अख्खं गावच खूश होतं.

सकाळी सहा वाजता गाव उठायचं, उशाजवळचं बारीक सुई बसवलेलं नाडीकडं मनगटात अडकवायचं आणि पाच मिनिटं गप्प बसायचं. एवढाच काय तो उपचार. त्यानंतर दिवसभर पाठ दुखत नसे, पित्त होत नसे, डोकं भणभणत नसे. बांधावरून भांडणारे भाऊ एकमेकांना चहाला बोलवायला लागले होते. एसटीत म्हातारी माणसं पोरांना जागा द्यायची आणि पोरं म्हाताऱ्यांना, त्यामुळे जागा रिकामीच राहायची. हसू नका, खरंच असं होतं.

आता सुई म्हटलं की आपल्या माणसाची पाचावर धारण बसते. पण कड्यातली सुई केसाहून बारीक होती, डास चावल्याइतकंही कळायचं नाही. ती बसायची मनगटाच्या आतल्या बाजूला, तळहातापासून तीन बोटं वर. या जागेला अ‍ॅक्युपंक्चरवाले नेइगुआन म्हणतात. चिनी भाषेत त्याचा अर्थ आतलं फाटक. जिवाची उलघाल, छातीतली धडधड, पोटातली मळमळ या फाटकाशी शमते, असं चिनी वैद्य पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते. ती का शमते, हे मात्र कोणाला धड सांगता येत नव्हतं.

ते सांगितलं डॉ. निरुपमा ताम्हणकरांनी. मोसंबी सोलताना फोडीवर पांढरा पापुद्रा दिसतो ना, तसाच एक पापुद्रा आपल्या प्रत्येक स्नायूभोवती असतो आणि तो डोक्यापासून तळपायापर्यंत सलग असतो. सुई टोचून हलकेच फिरवली की पापुद्र्याचे तंतू तिच्याभोवती गुंडाळले जातात, काट्याला शेवया गुंडाळाव्यात तसे. त्या ओढीतून अगदी क्षीण विजेचा एक नमुना सगळ्या अंगभर पसरतो. ताम्हणकरबाईंची कल्पना एकच होती, पण जबरदस्त होती. निरोगी माणसाच्या शरीरातला हा नमुना सुईनं टिपून घ्यायचा आणि दुसऱ्याच्या सुईतून त्याच्या शरीराला ऐकवायचा. म्हणजे दुसऱ्याचं शरीरही त्याच सुरात लागतं. टिपलेल्या नमुन्याला त्यांनी नाव दिलं नाडीठसा.

ठसा कोणाचा घ्यायचा? तालुक्यातल्या शेकडो धडधाकट माणसांनी आपण होऊन मनगटं पुढे केली होती. पक्षपात नको म्हणून नाव, वय, बाई की पुरुष, सगळं झाकून ठेवलं होतं. बाई पडद्यावर नुसत्या नाड्या पाहत होत्या. चिनी वैद्यकात नाडीचे अठ्ठावीस प्रकार सांगतात. त्यांतला एक प्रकार भरदार, गोल, ताटात मोती घरंगळावेत तसा बोटाखालून पळणारा. बाईंनी त्याचं नाव ठेवलं होतं मोतीनाडी. त्या ढिगाऱ्यात अशी नाडी एकच निघाली, आणि इतकी सुरेख की बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. चार वर्षं चाचण्या झाल्यावर तोच ठसा रोज सकाळी नाडीकेंद्रातून गावातल्या सगळ्या कड्यांत जायला लागला. बाई स्वतःही रोज सकाळी तोच घ्यायच्या. एकसष्ट वर्षांच्या, एकट्या राहणाऱ्या, कधी कोणाशी दोन शब्द जास्त न बोलणाऱ्या या बाई आता रस्त्यातून गुणगुणत जायच्या.

तीन वर्षं झाली असतील. एक दिवस बापूसाहेब नेसरीकर बायकोला घेऊन बाईंच्या नाडीकेंद्रात आले. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, वय सदुसष्ट, मिशा झुपकेदार. खुर्चीवर बसले आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

"बोला की ओ आता," इंदुताई म्हणाल्या. "घरात तोंड थांबत नाही, आणि इथं दातखीळ बसली."

"काही नाही, डॉक्टर. जरा... खावंसं वाटतं."

"काय खावंसं वाटतं?"

इंदुताईंनीच बापूसाहेबांच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि पाटीवरच्या पेन्सिलीचे तुकडे टेबलावर ठेवले. "हे! नातवाच्या दप्तरातनं चोरून खातात. मी म्हटलं, दिवस गेलेत ह्यांना. डोहाळजेवण घालते, हिरवी साडी नेसवते."

बाई मनापासून हसल्या. "बरं, आणखी काय होतंय?"

"तसं झकास आहे ओ सगळं," बापूसाहेब म्हणाले. "पण सारखं वाटतं, कोणीतरी येणार आहे. जपून चालावं, जड उचलू नये. परवा मागची खोली झाडून रंगवून घेतली. ही विचारते, कोणासाठी? मी काय सांगू? मलाच माहीत नाही. पण वाईट वाटत नाही हां, डॉक्टर. फार बरं वाटतं."

इंदुताईंचं हसू मावळलं. "मलाही वाटतं तसं," त्या हळूच म्हणाल्या. "मी बोलले नाही इतकंच."

बाईंनी बापूसाहेबांच्या मनगटावर तीन बोटं ठेवली. गेल्या तीन वर्षांत त्यांनी यंत्रावर भिस्त असल्यामुळे कोणाचं मनगट असं धरलं नव्हतं. बोटाखालून मोती घरंगळत होते. सदुसष्ट वर्षांच्या पुरुषाच्या मनगटात! आणि मग त्यांना आपल्या गुरूंचं शिकवणीच्या पहिल्या महिन्यातलं वाक्य आठवलं: ही नाडी दोघांत सापडते, ऐन भरातल्या निरोगी माणसात आणि गर्भार बाईत, म्हणून नाडी बघितली तरी माणसाला विचारायचं सोडू नये.

त्यांनी विचारलं नव्हतं. विचारायला समोर माणूसच ठेवला नव्हता.

नेसरीकर मंडळी गेल्यावर बाईंनी प्रसूतिगृहात फोन लावला. तिथली डॉक्टर म्हणाली, "आमच्याकडे माश्या मारायची वेळ आली आहे. दोन-सव्वादोन वर्षांत बाळंतपणं जवळजवळ नाहीतच. लोक शिकले, दुसरं काय!" लोक शिकले नव्हते. कडं घालणाऱ्या प्रत्येक तरुण बाईच्या शरीराला रोज सकाळी सांगितलं जात होतं, तुला दिवस गेलेत. ज्या शरीराला असं पक्कं ठाऊक आहे, ते दुसरा गर्भ कशाला धरेल?

झाकलेलं नाव त्यांनी त्याच दिवशी उघडलं. हेमलता चौगुले, एका शाळेत खेळ शिकवणारी. वय अडतीस. ठसा घेतला तेव्हा एकतीस.

हेमलताचं घर नदीकडच्या बाजूला होतं. ती अंगणात मुलींचे व्हॉलीबॉल धुऊन वाळत टाकत होती. मनगटावर कडं होतंच. बाईंना दारात पाहून तिनं हात पुसले आणि शांतपणे म्हणाली, "या मॅडम. कधीतरी याल असं वाटलंच होतं."

बाईंनी आडवळण घेतलं नाही. "हेमलता, ठसा दिलास तेव्हा तुला दिवस गेले होते?"

"दीड महिना. पण मला तेव्हा कुठं माहीत होतं? आठ दिवसांनी कळलं."

"आणि मूल?"

"चौथ्या महिन्यात गेलं. गेल्यावर कळलं, मुलगी होती." ती खाली बसली. "तीन दिवसांनी शाळेत गेले. सासूबाई म्हणाल्या, झालं ते झालं, होईल परत. भेटायला कोणी आलं नाही. असल्या गोष्टीला भेटायला येत नाहीत ना? दिगंबर, म्हणजे माझे मिस्टर, ते तर तो विषयच काढत नाहीत."

"हा ठसा तुझाच आहे, हे तुला कधी समजलं?"

"पहिल्याच सकाळी. कडं घातलं आणि पाच मिनिटांत ती आली. तशीच. मळमळ तेवढी नव्हती. बाकी सगळं तेच."

मळमळ कशी असेल? सुई बसत होती नेइगुआनवर, आणि गर्भारपणातल्या मळमळीवर नेमकी तीच जागा दाबतात. ज्या एका लक्षणानं गावातल्या कुठल्याही म्हातारीनं पहिल्या आठवड्यात ओळखलं असतं, ते बाईंच्या सुईनंच दाबून टाकलं होतं.

"मग बोलली का नाहीस गं?" बाईंचा आवाज चढला.

"तुम्ही बंद केलं असतं म्हणून!" हेमलताही उसळली. "मॅडम, माझ्याकडे तिचं काही नाही. फोटो नाही, झबलं नाही. रोज सकाळी तेवढी ती असते. कोणाचं काय बिघडलं? गाव सुखात आहे की!"

बाईंनी तिला प्रसूतिगृहाचं सांगितलं. रिकाम्या खाटा, रोज वाट बघणाऱ्या पोरी, देवाला नवस बोलणाऱ्या सासवा. आणि हेही सांगितलं, की हेमलताला स्वतःला पुन्हा मूल झालं नाही त्यालाही कडंच कारण असणार.

"ते मला ठाऊक आहे," हेमलता म्हणाली. "मी तिलाच ठेवून घेतलं."

बाई तिच्याजवळ जाऊन बसल्या. ठसा देणाऱ्याच्या संमतीशिवाय तो पुसायचा नाही, हा नियम त्यांनीच केलेला होता. त्यांना जबरदस्ती करता आली असती, खोटं बोलता आलं असतं. त्यांनी दोन्ही केलं नाही.

हेमलतानं विचारलं, "माझ्या संघातल्या जुन्या मुलींची आता लग्नं झालीत. त्यांना पण होत नाही का?"

"नाही."

तिनं कडं काढलं. मनगटावर पांढरा वळ उमटला होता. "पुसा," ती म्हणाली.

"पुसेन, पण हळूहळू. महिनाभर रोज थोडं थोडं कमी करत नेलं, तर कोणाला कळणारसुद्धा नाही."

"म्हणजे पुन्हा तसंच? कोणाला न कळता?" हेमलतानं मान हलवली. "ती काही हळूहळू गेली नव्हती, मॅडम. एकदम गेली. एकदमच थांबवा."

खरं म्हणजे इथं बाईंनी हट्ट धरायला हवा होता. शरीराला सवय लागलेली गोष्ट एका झटक्यात तोडू नये, हे वैद्यकाच्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही माहीत असतं. पण समोरच्या बाईनं एवढं दिलं होतं, तिला आणखी काय नाही म्हणायचं? त्या हो म्हणाल्या. दयेपोटी केलेली चूक ही शेवटी चूकच.

त्या आठवड्यातल्या सोमवारी सकाळी सहा वाजता गडहिंग्लजनं मनगटात कडी अडकवली, आणि कडी गप्प राहिली.

सात वाजेपर्यंत गावातल्या चुली थंड झाल्या. एसटीच्या चालकानं स्टँडमधून गाडी काढली, ती फाटकापाशी थांबवली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून तो रडायला लागला. मागच्या प्रवाशांनी त्याला एका शब्दानंही विचारलं नाही, कारण तेही रडत होते. अंगात रग असलेले पैलवान गडी, हिशेबी व्यापारी, कॉलेजातली पोरं, सगळ्यांची पोटं एकदम रिकामी झाली होती. कोणीतरी गेलं होतं. कोण, ते मात्र घरातली माणसं पुन्हा पुन्हा मोजूनही कळत नव्हतं.

आठ-नऊच्या सुमारास माणसं आपोआप नाडीकेंद्राकडे आली. ताम्हणकरबाईंना वाटलं, आता दगड पडणार. पण माणसं ओट्यावर, पायऱ्यांवर, रस्त्याकडेला येऊन नुसती बसली, मयताच्या घरी बसतात तशी. काही बायकांनी येताना पिठलं-भाकरी बांधून आणली होती. सुतकाच्या घरी चूल पेटवत नाहीत, शेजारच्यांनी जेवण न्यायचं असतं, एवढं त्यांना समजलं होतं. फक्त ते नेऊन द्यायचं कोणाच्या घरी, ते समजत नव्हतं.

बापूसाहेब नेसरीकर सगळ्यांत वरच्या पायरीवर होते. मिशा ओल्या झाल्या होत्या. "डॉक्टर," ते म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या आहात. सांगा की ओ. आमचं कोण गेलं?"

बाईंनी सगळं उत्तर नीट जुळवून ठेवलं होतं, पापुद्रा, ठसा, मोतीनाडी. त्यांनी तोंड उघडलं आणि त्यांना हुंदकाच फुटला. कधी कोणाची आई न झालेल्या त्या म्हाताऱ्या बाईनं पोटाशी दोन्ही हात धरले आणि ती भिंतीला टेकून खाली बसली.

गर्दीतून हेमलता पुढे आली. सगळ्या गावात तिचेच डोळे कोरडे होते. तिचं रडणं सात वर्षांपूर्वी, न्हाणीघरात, नळ सोडून संपलं होतं.

"माझी मुलगी गेली, काका," ती म्हणाली.

बापूसाहेबांनी जोरात मान हलवली. "तुझी एकटीची कशी गं? तीन वर्षं मी अंगात बाळगली तिला. आमच्या हिनं बाळगली. तुझी कशी म्हणतेस?"

"व्हय, आमची पण होती," मागून कोणीतरी म्हणालं. आणखी एकजण म्हणाला. मग पायऱ्यांवरून, रस्त्यावरून, चहूकडून तेच ऐकू यायला लागलं, आमची होती, आमची होती.

हेमलताच्या कपाळाची शीर तटतटली. गावाला काय माहीत होतं? रक्त तिचं गेलं होतं. एकटीनं सोसलेल्या त्या एका गोष्टीवर तरी तिचा हक्क होता, आणि आता तोही हजारो हात पुढे करून मागत होते. तिला ओरडावंसं वाटलं, चालते व्हा सगळे.

इंदुताईंनी काही न बोलता थोडं सरकून पायरीवर जागा केली.

हेमलतानं पायऱ्यांवरच्या भाकरीच्या गाठोड्यांकडे बघितलं; सात वर्षांपूर्वी तिच्या दारात एकही आलं नव्हतं. मग ती बसली.

"बरं," ती म्हणाली. "आपली."