तीनशे अठरावा फोटो

हे मी रचलेलं नाही. रचायचं असतं तर रात्रीची वेळ घेतली असती.

हे भर दुपारी घडलं. गेल्या मे महिन्यात, बुद्धपौर्णिमेनंतरच्या मंगळवारी. वर्ध्याला, बोरगाव मेघेतल्या आमच्या घरी.

माझा मोठा भाऊ अश्वजित त्याआधीच्या डिसेंबरात गेला. पुलगावला नोकरीला होता. संध्याकाळी गाडीने घरी येत होता, मागून ट्रक आला. पाठीवरच्या बॅगेत त्याचा लॅपटॉप होता. पोलिसांनी परत दिला तेव्हा तो मधून दुमडलेला होता. पप्पांनी तो घरात आणलाच नाही. परस्पर भंगारात दिला.

माझं लग्न आधीच ठरलेलं होतं. फेब्रुवारीत साधेपणाने उरकलं.

मी रडले नाही. ना डिसेंबरात, ना फेब्रुवारीत. लोक सांगत होते तसं करत होते, एवढंच.

मे महिन्यात आईचा पाय मोडला म्हणून मी माहेरी आले. लग्नाचे फोटो तिने तोवर पाहिलेच नव्हते. त्या दुपारी अचानक म्हणाली, "मयुरी, मले तुह्या लग्नाचे फोटो दाखव न."

फोटो वरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर होते. दादाच्या खोलीत. सहाशे बारा फोटो. आईला जिना चढता येत नव्हता आणि तो जुना कॉम्प्युटर आता पेनड्राइव्ह घेईनासा झाला होता.

मी नवऱ्याला, प्रफुल्लला, नागपूरला फोन लावला. त्याचं कामच कॉम्प्युटर दुरुस्तीचं.

"फोल्डर शेअर कर अन् खाली तुह्या लॅपटॉपवर उघड," तो म्हणाला. "दोन मिनिटाचं काम आहे."

वर जाऊन मी 'लग्न' नावाचा फोल्डर शेअर केला. खाली येऊन लॅपटॉपवर पाहिलं.

काहीच नाही. वरचा कॉम्प्युटर दिसतच नव्हता.

"नेटवर्क पब्लिक दाखवून राह्यलं का? ते प्रायव्हेट कर."

केलं. तरी नाही.

"पासवर्ड मागू नको म्हणून सांग त्याले. दोन्हीचा वर्कग्रुप एकच आहे का पाह्य."

होता. तरी नाही.

तासभर मी वर-खाली करत होते. अंगाला सगळा घाम. शेवटी लॅपटॉप बंद करून आईच्या उशाशी ठेवला आणि फोन घेऊन वर जाऊन बसले.

"आता एक पाह्य," प्रफुल्ल म्हणाला. "शेअर्ड फोल्डर्समधी सेशन्स उघड. या कॉम्प्युटरले आता कोन जुडलं आहे त्याची यादी येते."

उघडलं.

एक ओळ होती.

"मंग झालं न! पोचला तुहा लॅपटॉप."

"माझा लॅपटॉप बंद आहे," मी म्हणाले.

"नाव वाच बरं," तो म्हणाला.

मी नाव वाचलं...

अश्वजित-पुलगाव.

दादाने त्याच्या लॅपटॉपला दिलेलं नाव. जोडला जाऊन चाळीस मिनिटं झाली होती.

"जुनी एन्ट्री असंन," प्रफुल्ल म्हणाला. पण आवाज बदलला होता. "उघडलेल्या फाइली पाह्य बरं."

एकच फाइल उघडी होती. 'लग्न' फोल्डरमधला तीनशे चौदावा फोटो.

मी रिफ्रेश दाबून यादी पुन्हा ताजी केली...

तीनशे पंधरा.

पुन्हा...

तीनशे सोळा.

कोणीतरी एकेक फोटो पाहत होतं. घाई न करता. क्रमाने.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, खालच्या कूलरचा आवाज येत नाहीये. दुपारभर घरघरत होता. लाइट गेलेली नव्हती. रस्त्यावरूनही काही ऐकू येईना. फक्त फोनमध्ये प्रफुल्लचा श्वास.

"केबल काढ," तो म्हणाला.

कॉम्प्युटरच्या मागची नेटची केबल मी ओढली. हातात धरून बसले. यादी ताजी केली...

तीनशे सतरा.

मग तीनशे अठरा.

आणि तिथे ते थांबलं. मी चार वेळा, पाच वेळा यादी ताजी केली. तीनशे अठरा.

मी तो फोटो उघडला. फोटोग्राफरने असाच जाता जाता काढलेला. मांडवाच्या कडेला, शेवटच्या खुर्चीवर आई एकटी बसली आहे. मांडीवर जेवणाचं ताट. एक घासही मोडलेला नाही.

माझ्याच लग्नातला फोटो. मी तो कधी पाहिला नव्हता.



"मयुरी, ते सेशन बंद कर," प्रफुल्ल म्हणाला. "त्या ओळीवर राइट क्लिक कर. बंद कर अन् खाली जा."

मी क्लिक केलं. कॉम्प्युटरने विचारलं, नक्की बंद करायचं का?

मी 'हो' दाबलं.

ओळ गेली... आणि खाली कूलर घरघरायला लागला.

मी आईला काही सांगितलं नाही. पप्पांनाही नाही. केबल परत लावली, खाली येऊन लॅपटॉप सुरू केला. आता दादाच्या खोलीतला कॉम्प्युटर लगेच दिसला. फोल्डर पहिल्याच झटक्यात उघडला.

आईने संध्याकाळपर्यंत सगळे फोटो पाहिले. मध्येच चष्मा पुसत म्हणाली, "अश्वजितनं पाह्यले असते तं केवढा खूश झाला असता वो."

मी फक्त "हो" म्हणाले.

प्रफुल्लने नंतर बरीच कारणं सांगितली. शेजारचं कोणी वायफायमध्ये शिरलं असेल. केबल काढल्यावरही थोडा वेळ जुनी नोंद राहते. नोंद राहत असेल. पण आकडा पुढे गेला तेव्हा केबल माझ्या हातात होती.

त्या रात्री मी पहिल्यांदा रडले. दादा आला म्हणून नाही. त्याचे अजून दोनशे चौऱ्याण्णव फोटो बघायचे राहिले होते, आणि मीच 'हो' दाबलं होतं.

तो फोल्डर मी अजून शेअरच ठेवला आहे. माहेरी गेले की वर जाऊन कॉम्प्युटर सुरू करते, खोलीचं दार लोटते आणि खाली येऊन बसते.

ती यादी मात्र पुन्हा उघडायची हिंमत झालेली नाही.