चष्म्याविना फायनल

मोडलेल्या चष्म्याचे दोन तुकडे काउंटरवर ठेवून तो म्हणाला, "फायनल सुरू झालीये... आणि मला समोर माणूस आहे की खांब, तेही कळत नाही."

"खांब नाही," मी म्हणाले. "आणि चष्मा मीच जोडणार आहे. थोडा वेळ लागेल."

"तोवर सगळं संपेल हो."

तो इतका कासावीस झाला, की मला दया आली. दुकान दादाचं, माझ्या मोठ्या भावाचं. तो जेवायला गेला होता. मी या गिऱ्हाइकाचा फोन माझ्यासमोर टेकवून ठेवला. "काम करता करता सांगते काय दिसतं ते. पण मला यातलं ओ की ठो कळत नाही."

व्हिडिओ गेमचा सामना होता. सभागृह खच्चून भरलेलं. दुसऱ्यांचा खेळ बघायला एवढी माणसं का जमतात, मला कधी उमगलं नव्हतं.

"निळ्यांची एकटीच उरलीय. केस वर बांधलेली मुलगी. समोर तिघं."

"कॅप्टन आहे ती. काय करतेय?"

"भिंतीआड थांबलीय... पडद्याच्या कोपऱ्यात तिचा चेहरा दाखवतायत. ओठ चावतेय."

एक पडला. मग दुसरा. स्क्रू माझ्या बोटांतच राहिला. आणि तिसऱ्यानं तिला टिपलं.

"हरली," मी म्हणाले.

त्यानं हळूच विचारलं, "आता?"

"उठलीय. समोरच्यांशी हात मिळवतेय... हसतेय, पण डोळे..." माझाच आवाज कापरा झाला.

"कळलं ना, का बघतो ते?" तो म्हणाला.

पुढच्या सामन्याला तो पुन्हा हजर. चष्मा ठणठणीत.

"आज काय मोडलं?"

"काही नाही. तुम्ही सांगता तेव्हा जास्त छान दिसतं."

मग प्रत्येक सामन्याला तो येऊ लागला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही. दादा कुरकुरला, "याच्या चष्म्याला काही झालेलं नाही, मग येतो कशाला?" वहिनी म्हणाली, "तुम्हाला लांबचं दिसतं, जवळचं नाही."

एकदा मात्र तो आला तो पडलेल्या चेहऱ्यानं. सामना सुरू झाला, तरी त्याचं लक्ष नव्हतं.

"माझी बदली झाली. पुढच्या महिन्यात जायचंय."

कॅप्टन पडद्यावर धावत होती. मी तिच्याकडेच बघत राहिले... त्याच्याकडे बघितलं असतं, तर रडले असते.

"तिकडे सामने कुणाबरोबर बघशील?" मी विचारलं.

"तुझ्याबरोबर बघायचेत. सगळेच. तू येशील का... कायमची?"

"दादा आत काचा घासतोय," मी म्हणाले. "त्याच्याशी बोल."

"आत्ता?"

"मग काय, बदली झाल्यावर?"

तो उठला. दारापाशी शर्ट नीट केला, मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि आत गेला. घासण्याचं यंत्र थांबलं. मी कान देऊन बसले.

वहिनी बाहेर आली, त्याच्या रिकाम्या खुर्चीत बसली, माझा गार पडलेला हात हातात घेतला आणि फोनकडे बघत म्हणाली, "यातलं आपलं कोण गं?"