मेट्रनचा होकार

"ताई, मावशी घरात नाहीये."

भाचीचा आवाज फोनवरही कापत होता. सल्लागारबाईंनी नुकतंच ऑफिसचं कुलूप काढलं होतं, किल्ली अजून हातातच होती.

"नाहीये म्हणजे? फिरायला गेली असेल."

"बॅग नाहीये. औषधांचा डबा नाहीये. मला मेसेज आलाय तिचा. तुम्हालाही आला असेल, बघा ना!"

आला होता. 'डोंगरावर घर बघायला जात आहे. माझी सगळी गुंतवणूक विकून रक्कम माझ्या खात्यात जमा करावी. शोधाशोध करू नये.'

सल्लागारबाईंनी तो दोनदा वाचला. मग दार लावून घेतलं आणि जिना उतरल्या.

चष्म्याच्या दुकानावरच्या त्या दोन खोल्यांत त्या एकट्याच काम करत. त्या ना कुठल्या बँकेच्या, ना विमा कंपनीच्या. पैसे कुठे गुंतवायचे हे विचारायला लोक येत, त्यांना फी देत आणि मनातलं बोलत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: "पैशाचं नंतर बघू. तुम्हाला जगायचंय कसं?" यावर कुणी रडे, कुणी चिडे. कधी कधी नवरा-बायको एकमेकांचं उत्तर पहिल्यांदाच ऐकत.

मेट्रन मात्र तेव्हा खो खो हसली होती. आयुष्यभर मोठ्या इस्पितळाच्या परिचारिका सांभाळलेली बाई. निवृत्त होऊन वर्षं लोटली तरी सगळी इमारत तिला मेट्रनच म्हणायची. मूलबाळ नव्हतं. भाची आणि तिचा नवरा तिच्याच घरात राहत होते.

घरी पोलीस आधीच पोचले होते. इन्स्पेक्टर मेट्रनच्या खोलीच्या दारात उभा होता. पलंगावरची चादर ताणून घातलेली. एक सुरकुती नाही. उशाशी पाण्याचा तांब्या, भरलेला.

"तुम्हीच का त्या पैसेवाल्या?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"सल्ला देणारी."

"तिचे पैसे तुमच्याकडे असतात?"

"माझ्याकडे फक्त माझी फी. पैसे तिच्या नावावर, तिच्या ताब्यात."

"आणि ती मेसेज पाठवते की सगळं विका. मग तुम्ही विकणार?"

"नाही. मोठी रक्कम काढायची असली की जिथे पैसे गुंतवलेत ती कंपनी आधी मला विचारते. मी मेट्रनशी बोलते. तिचा आवाज ऐकल्याशिवाय मी हो म्हणायचं नाही, असा तिचाच हुकूम आहे."

पलंगाच्या कडेला बसलेल्या भाचीने डोळे पुसले. "म्हणजे तिचा फोन आला तर चालेल?"

"आला तर."

"येईल हो. गेली असेल रागारागात. डोंगरावरचं घर हे तिचं जुनंच स्वप्न. पहिल्या दिवशी तुमच्यासमोरच बोलली होती. मीच घेऊन आले होते ना तिला?"

"हो, तुम्हीच आणलं होतं."

"मग खरं आहे हे? डोंगराचं?" इन्स्पेक्टर सल्लागारबाईंकडे वळला.

"लोक माझ्याशी जे बोलतात ते मी बाहेर बोलत नाही."

"छान." त्याचा आवाज खाली आला. "बाई सापडली नाही, तर पहिली चौकशी तुमची होईल. लक्षात ठेवा."

त्यांची सारी कमाई म्हणजे त्यांचं नाव. ते गेलं की त्या दोन खोल्यांत बसून माश्या मारायच्या. तरी त्या एवढंच म्हणाल्या, "ठेवीन."

इन्स्पेक्टर भाचीकडे वळला.

"शेवटचं कधी पाहिलंत?"

"काल जेवण झाल्यावर. सकाळी चहा घेऊन गेले तर खोली रिकामी."

"तुम्ही काय करता?"

"लोकांची घरं सजवून देते. पण सध्या सगळं ठप्प आहे. महिना झाला, साइटवर साधा ब्रश लागलेला नाही."

तिला हुंदका फुटला. सल्लागारबाईंनी तिच्या हातात पाण्याचा पेला दिला. तिने दोन घोट घेऊन तो परत केला. काचेवर तिच्या अंगठ्याचा पांढरा, चिकट ठसा उमटला होता.

नवरा खिडकीशी उभा होता. कपाळावर घाम.

"काल दुपारी तुम्ही ऑफिसात नव्हता," इन्स्पेक्टर म्हणाला. "मी विचारलं तिथे."

"बाहेर होतो. कामाने."

"कसलं काम?"

त्याने बायकोकडे पाहिलं आणि मान फिरवली. "खासगी होतं."

"खासगी! घरातली म्हातारी गायब आणि याचं खासगी! चला चौकीत. मॅडम, तुम्हीसुद्धा."

भाची उठली. "मी तिच्या इस्पितळातल्या मैत्रिणींकडे बघून येते. कुणाला तरी माहीत असेल."

चौकीतल्या खोलीत एक टेबल, चार खुर्च्या आणि करकर वाजणारा पंखा होता. नवऱ्याने बराच वेळ तग धरला. मग तो फुटला.

"मावशींबरोबर होतो मी. घर बघायला गेलो होतो."

"डोंगरावर?"

"छे हो! बागेसमोर, तळमजल्यावर. त्यांना आता जिना चढवत नाही. गुडघे पार गेलेत. डोंगराचा नाद त्यांनी कधीच सोडला. एकटीने राहायचंय, पण इस्पितळ जवळ हवं, असं म्हणाल्या. हिला सांगू नकोस, म्हणाल्या. वाईट वाटेल तिला. मी शब्द दिला होता."

इन्स्पेक्टरने सल्लागारबाईंकडे पाहिलं. "हे तुम्हाला माहीत होतं?"

"दुसऱ्या भेटीला मेट्रन एकटी आली होती," त्या एवढंच म्हणाल्या.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पडद्यावर मेट्रनचं नाव.

इन्स्पेक्टरने खूण केली. त्यांनी आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला.

"पोरी, मी बोलतेय."

"मेट्रन! कुठे आहात?"

"डोंगरावर. घर मिळालंय मनासारखं. सगळं विकून टाक, माझा होकार आहे."

जीभ जड होती. प्रत्येक शब्दाच्या शेवटी आवाज घुमत होता. मागे वारा नाही, पाखरू नाही.

"आणि गुडघे काय म्हणतायत?"

"गुडघ्यांना काय धाड भरलीय? शंभर पायऱ्या आहेत इथे. पळत चढते."

नवऱ्याने तोंड उघडलं. सल्लागारबाईंनी त्याच्या मनगटावर हात दाबला.

"बरं मेट्रन, कामाला लागते मी. पण शेवटच्या मंजुरीला तुमचा आवाज पुन्हा एकदा लागेल मला. तोवर जपा. आता कुठलीही गोळी घेऊ नका, जीभ अडखळतेय. बोलणं कळलं नाही तर पैसे अडकतील."

मग मेट्रन वॉर्डात हुकूम सोडावा तशी म्हणाली, "उशीर करू नकोस."

फोन बंद झाला.

सल्लागारबाई नवऱ्याकडे वळल्या. "तुमच्या बायकोची रिकामी साइट कुठे आहे? सामानसुमान काही नसलेली."

"हिची? हिचा काय संबंध?"

"सांगा हो!"

त्याचा चेहरा हळूहळू पांढरा पडला. त्याने पत्ता सांगितला.

इमारत नवी होती, निम्मी अजून रिकामीच. रस्त्यावरून वर पाहिलं तर सगळ्या खिडक्यांत आभाळ दिसत होतं. चौथ्या मजल्यावरच्या दोन मात्र आंधळ्या होत्या. काचांना आतून पांढरा रंग फासलेला.

नवऱ्याने दार वाजवलं. "अगं, मी आहे. उघड."

आत काहीतरी सरकलं. इन्स्पेक्टरने खांदा दाराला लावला, तोच कडी निघाली.

"तुम्ही?" भाची दारात उभी होती. "बरं झालं आलात! मावशी सापडली! मी सहज साइट बघायला आले, तर—"

इन्स्पेक्टर तिला बाजूला सारून आत गेला. आतल्या खोलीत जमिनीवर गादी होती. गादीवर मेट्रन. एक हात ओढणीने नळाच्या पाइपला बांधलेला.

सल्लागारबाई गुडघ्यांवर बसून गाठ सोडू लागल्या. ओढून ओढूनही गाठ सुटेना.

"घाबरू नकोस," मेट्रन पुटपुटली. "नाडी ठीक आहे माझी. तिला विचार कुठल्या गोळ्या घातल्या ते. डॉक्टरला सांगावं लागेल."

भाचीने एकदम नवऱ्याकडे बोट केलं. "यानेच आणलं असणार तिला! माझ्या साइटची दुसरी किल्ली याच्याकडे असते. काल दुपारी कुठे होता विचारा त्याला!"

नवरा दोन पावलं मागे सरला.

"विचारलंय," सल्लागारबाई उठल्या. "काल दुपारी तो तुमच्या मावशीला तळमजल्यावरचं घर दाखवत होता. बागेसमोरचं."

"कसलं घर?"

"बघा, तुम्हाला माहीतच नाही. याला माहीत होतं, मला माहीत होतं. याने मेसेज लिहिला असता तर बागेसमोरचं घर लिहिलं असतं. डोंगराचं स्वप्न फक्त पहिल्या भेटीत निघालं, तेव्हा तुम्ही शेजारी बसला होता. नंतर ते बदललं. माणसं बदलतात, त्यांचे बेत बदलतात. मला तेवढ्यासाठी पुन्हा पुन्हा भेटावं लागतं त्यांना. तुम्ही मात्र पहिल्या दिवसावर थांबलात."

"फोनवर तीच बोलली डोंगराचं! तिच्या तोंडून ऐकलंत ना?"

"तुम्हाला कसं कळलं ती काय बोलली ते?" इन्स्पेक्टरने शांतपणे विचारलं.

भाचीची नजर गादीशेजारी पडलेल्या मेट्रनच्या फोनकडे गेली.

"तिने मुद्दाम म्हटलं तसं," सल्लागारबाई म्हणाल्या. "तिला ठाऊक होतं की मला ते खोटं वाटेल आणि तुम्हाला खरं. गुडघ्यांचं विचारलं, तर शंभर पायऱ्या पळत चढते म्हणाली. तेव्हा खात्री झाली. फोन आला तेव्हा हा माझ्यासमोर बसलेला होता. खोली रिकामी आहे हे आवाजाच्या घुमण्यावरून कळलं. आणि महिनाभर साइटवर ब्रश लागला नाही म्हणालात, पण तुमच्या अंगठ्याला ओला रंग होता. पेल्यावर उतरला तो."

भाची भिंतीला टेकून खाली बसली.

"पहाटे म्हणाली, मावशी चल, नवं काम दाखवते," मेट्रन गादीवरूनच बोलली. "लिफ्टने वर आणलं, थर्मासमधून चहा दिला. कडू लागला मला. चाळीस वर्षं दुसऱ्यांना औषधं दिली आणि आपला पेला संपवला, कारण भाचीने आणला होता."

"मी परत करणार होते," भाची म्हणाली. "लोकांनी आगाऊ दिलेलं सगळं उडालं होतं. रोज दारात येऊन उभे राहतात. तुरुंगात घालू म्हणतात. खात्यावर माझंही नाव आहे. फक्त पैसे तिथे यायला हवे होते. मी तिला काही करणार नव्हते, शप्पथ!"

"आणि मंजुरी मिळाल्यावर? तिला सोडल्यावर ती गप्प बसली असती?" इन्स्पेक्टरने विचारलं.

नवरा पाठ फिरवून जिन्यात जाऊन उभा राहिला.

इस्पितळात मेट्रनला खिडकीजवळची खाट मिळाली. सलाइनचा वेग तिने स्वतःच परिचारिकेला दुरुस्त करायला लावला. ती पोरगी गेल्यावर मेट्रन सल्लागारबाईंकडे वळली.

"पोरी, तिला वकील लागेल."

"लागेल."

"चांगला बघ. पैसे माझ्यातून जाऊ देत."

सल्लागारबाईंना राहवलं नाही. "मेट्रन, तिने तुम्हाला बांधून ठेवलं होतं. हा सल्ला मी कधीच देणार नाही."

"मी सल्ला विचारलेलाच नाही," मेट्रन म्हणाली. तिचा आवाज आता स्वच्छ होता. "वकील झाला की हिशेब मिटला. त्यापुढे तिच्यासाठी काही ठेवायचं नाही. एक पैसासुद्धा नाही. हे लिहून घे आणि मला वाचून दाखव."

सल्लागारबाईंनी लिहून घेतलं, वाचून दाखवलं. मेट्रनने शेवटपर्यंत ऐकलं. मग तिने तोंड भिंतीकडे वळवलं आणि त्या दिवसात पहिल्यांदाच तिचे खांदे हलू लागले.