नकाशातला गोठा

"अहो, कुणी आहे का? हा गोठा ना?"

अंगणात शेणखत कालवत बसलेल्या रोपवालीनं मान वर केली. कुंपणापलीकडे एक उंच, इस्त्रीच्या शर्टातला माणूस उभा होता. एका हातात मोजायची टेप, दुसऱ्या हातात नकाशा.

"गोठा? मग मी कोण?"

तो गडबडला. "तसं नाही हो... नकाशात गोठा दाखवलाय."

"मग या ना आत. शोधा म्हैस."

नेमकी त्याच वेळी आतून आत्या घोरली. त्यानं दचकून दाराकडे पाहिलं.

"ती माझी आत्या आहे," रोपवाली म्हणाली. "आणि तिला हे कळलं ना, तर तुमची काही धडगत नाही!"

हसावं की पळावं, त्याला कळेना. शेवटी तो हसला आणि डाव्या गालाला खळी पडली. रोपवालीला उगाचच आपले शेणानं माखलेले हात आठवले.

पण प्रकरण गमतीचं नव्हतं. शेजारच्या माळावर चौदा गावांचा कचरा प्रकल्प यायचा होता. राहत्या घरापासून तीनशे मीटरच्या आत असला प्रकल्प आणायचा नाही, असा नियम. गोठ्याला कसला आलाय नियम! वडिलांनी अकरा वर्षांपूर्वी त्या गोठ्याचं घर केलं, खिडक्या पाडल्या, चूल मांडली. नकाशात बदल करायचा तेवढा राहून गेला. आता वडील नव्हते. घर, रोपवाटिका आणि आत्या, एवढंच तिच्याजवळ होतं, आणि नकाशातला गोठा गोठाच राहिला तर सगळं आवरून निघावं लागणार होतं.

मोजणीवाल्यानं सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी असं तीनदा येऊन इथे माणसं राहतात का, ते पाहायचं होतं. तो सात वेळा आला.

"आज काय राहिलं?"

"खिडक्या मोजायच्या..."

"दोन आहेत. परवाही दोनच होत्या."

"खात्री केलेली बरी."

"मोजू दे गं त्याला," आत्या आतून ओरडली. "सरकारी माणूस आहे, दोनपर्यंत पोचायला वेळ लागतो!"

अंतर मोजायच्या दिवशी भुरभुर पाऊस होता. टेपचं एक टोक तिच्या हातात देऊन तो माळावर चालत निघाला. टेप ताणली की तिच्या ओल्या बोटांना हलकासा हिसका बसायचा. "धरलंत ना?" तो लांबून विचारायचा. "धरलंय!" ती ओरडायची. त्यानं खूण केली की ती तिथवर जायची आणि तो आणखी पुढे. जवळ येता येता लांब जाणाऱ्या या माणसाचा तिला भारी राग येत होता. शेवटी दोनशे एकेचाळीस मीटर भरले.

"कचरा आमचाही आहे हो," ती म्हणाली. "कुठेतरी जायलाच हवा. पण टेकडीमागे जुनी खाण आहे, तिथे चिटपाखरूसुद्धा नाही. तिकडे न्या की."

त्यानं ते लिहून घेतलं, पण लिहिताना तिच्याकडे बघत असल्यामुळे ओळ पार तिरकी गेली.

सुनावणी शाळेच्या सभागृहात होती. समोर निकाल देणाऱ्या मोठ्या मॅडम बसल्या होत्या. अहवाल मांडण्याआधी मोजणाऱ्यानं एक छापील कागद वाचायचा असतो: या प्रकरणातल्या कुणाशीही माझा खाजगी संबंध नाही. तो 'कुणाशीही'पर्यंत आला आणि अडकला.

"पुढे वाचा," मॅडम म्हणाल्या.

"वाचता येत नाही, मॅडम."

"माझा चष्मा देऊ?"

"दिसतंय नीट. पण... खोटं आहे ते."

"कुणाशी आहे संबंध?"

"गोठ्याशी," तो पुटपुटला.

असा हशा पिकला म्हणता! रोपवालीचे कान तापले. प्रकल्पाचा वकील तर आनंदानं खुर्चीतून उडालाच. "अहवाल रद्द करा!" आणि मॅडमनी तो केलाही. रोपवालीच्या पायाखालची जमीन सरकली. मेल्यानं सात वेळा येऊन खिडक्यांच्या थापा मारल्या, आणि खरं बोलायला नेमका आजचा दिवस सापडला!

मॅडम उठल्या. "चला, मीच मोजते."

टेपचं टोक त्यांनी वकिलाच्याच हातात दिलं. दोनशे एकेचाळीसच भरले. मग त्यांनी घरात शिरून पेटलेली चूल पाहिली, दोरीवरचे कपडे पाहिले, आत्याशी गुडघेदुखीपासून टेकडीमागच्या खाणीपर्यंत अर्धा तास गप्पा मारल्या आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "म्हैस एवढं बोलत नाही. राहतं घर आहे, लिहून घ्या. आणि प्रकल्पासाठी ती खाण बघा."

लोक पांगले. मोजणीवाला कुंपणापाशी घुटमळत राहिला.

"माझ्याशी बोलू नका," रोपवाली म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "घर गेलं असतं म्हणजे?"

"रात्रंदिवस तीच भीती होती. पण खोटं बोलून राखलेल्या घरात मी जावई म्हणून कुठल्या तोंडानं आलो असतो?"

"जावई?" तिनं डोळे पुसले. "हे कधी ठरलं? मॅडमना सांगितलंत, अख्ख्या गावाला सांगितलंत, त्या मेल्या वकिलालासुद्धा! मला विचारलंत?"

"विचारू...?"

"मग आणखी कशाची वाट बघताय?"

त्यानं विचारलं, पण इतक्या हळू, की आत्याला काही म्हणता काही ऐकू आलं नाही. गुडघा धरत धरत ती बिचारी खिडकीशी पोचली, तोवर रोपवालीचं उत्तर निघालं होतं. ते मात्र आत्याला स्वच्छ ऐकू आलं. "हो."